दिवटीची वीण

तो ठिपका नकाशावर पहिल्यांदा उमटला, तेव्हा रत्नागिरीच्या खोलसागर सर्वेक्षण केंद्रात पेढे वाटले गेले. पेढे प्रांजल मोंडकरनंच आणले होते, कारण ठिपका तिच्या हातून सापडला होता. डॉ. प्रभुदेसाईंनी मधुमेह असूनही दोन खाल्ले आणि "आता मेलो तरी चालेल" असं म्हणून सगळ्यांना हसवलं.

प्रभुदेसाई आयुष्यभर एका माशाच्या मागे होते. विद्यार्थी असताना मिरकरवाड्याच्या जेटीवर, खोल पाण्यातल्या कोळंबीच्या ढिगात, त्यांना तो मिळाला होता. वीतभर लांबीचा, काळपट, मऊ अंगाचा, आणि डोळ्यांखाली दोन हिरवट ठिपके. मासा मेल्यावरही ते ठिपके बराच वेळ मंद उजळत होते. खलाशी त्याला दिवटी म्हणत. त्यानंतर इतक्या वर्षांत मोजक्याच दिवट्या हाती लागल्या, त्याही मेलेल्या. जिवंत दिवटी कोणी पाहिली नव्हती. ती राहते कुठे, अंडी कुठे घालते, कोणालाच माहीत नव्हतं.

एवढ्या समुद्रात वीतभर मासा हुडकायचा तर आधी त्याचं घर हुडकावं लागतं. प्रांजलचं काम तेच होतं. सर्वेक्षणाचं जहाज जाता जाता आवाजाचे शेकडो झोत पंख्यासारखे खाली सोडतं. तळाला आपटून परत येणाऱ्या प्रत्येक प्रतिध्वनीतून दोन गोष्टी कळतात. यायला किती वेळ लागला त्यावरून खोली, आणि किती जोरात आला त्यावरून तळाचा पोत. चिखल आवाज गिळतो, खडक तो परत फेकतो. जहाजानं वरून असा ढोबळ नकाशा काढला, की 'कासव' नावाची स्वयंचलित यंत्रं तळाजवळून पोहत जातात आणि तोच भाग इतका बारीक टिपतात की खाली एखादी खुर्ची पडली असली तर तिचे पाय दिसावेत. मग त्यात तापमान, प्रवाह आणि प्राणवायू यांचे आकडे मिसळायचे. संगणक सांगतो, अमुक मासा इथं असू शकेल, इथं नाही. असू शकेल तिथं लाल रंग.

दिवटीचं सगळं प्राणवायूवर अडलेलं होतं. अरबी समुद्रात मधल्या खोलीवर पाण्याचा एक जाड थर असा आहे की त्यात प्राणवायू जवळजवळ नाहीच. मोठे शिकारी मासे तिथं गुदमरतात. दिवटी या थराच्या खालच्या काठाला राहत असावी. तिथं तिला जेमतेम श्वास घेता येतो आणि तिला खाणाऱ्यांना तेवढाही येत नाही. पण समुद्र तापत गेला तसा हा थर फुगत गेला, आणि दिवटीला राहण्याजोगा पट्टा वर्षागणिक अरुंद होत चालला. त्यातून तिच्या जातभाईंवरून दिसत होतं की अंडी चिकटवायला तिला टणक जागा लागणार, आणि कोकणासमोरच्या उतारावर त्या खोलीला मैलोन् मैल नुसता चिखल.

त्या चिखलात, देवगडच्या पश्चिमेला, हजारेक मीटर खोलीवर, प्रांजलला एक टणक जागा सापडली होती. एकच. लालभडक.

दोन दिवसांनी कासवानं टिपलेली बारीक चित्रं आली. प्रांजलनं त्यातलं पहिलं पडद्यावर मोठं केलं आणि तिचा हात तिथंच थांबला. खडकाला असा आकार नसतो. एक टोक निमुळतं, दुसरं बोथट, मधे चौकोनी उंचवटा. ती गाबितांच्या, मासेमारी करणाऱ्यांच्या घरात वाढली होती. वरून बोट कशी दिसते हे तिला कोणी शिकवायला नको होतं. बुडालेल्या बोटी तिनं याआधीही नकाशांवर पाहिल्या होत्या. प्रत्येक वेळी ती आधी केबिन कुठे आहे ते बघायची. तिच्या भावानं, सर्वेशनं, मागे जाळ्याला जास्त जागा हवी म्हणून बोटीची केबिन नेहमीपेक्षा बरीच पुढे बांधून घेतली होती. देवगड बंदरात त्या बोटीला सगळे हसायचे.

या बोटीची केबिन पुढे होती.

तिनं कोणाला काही सांगितलं नाही. आकारावरून काय सांगायचं? आठवडाभरानं कॅमेरा लावलेलं कासव खाली सोडायला जहाज निघालं, तेव्हा ती प्रभुदेसाईंच्या शेजारच्या खुर्चीत बसली होती.

बराच वेळ पडद्यावर नुसता करडा चिखल सरकत राहिला. मग फळ्या दिसल्या. लाकूड पोखरणाऱ्या किड्यांनाही त्या पाण्यात जगता येत नाही, म्हणून फळ्या शाबूत होत्या, त्यांच्यावरचा निळा रंगसुद्धा. आणि फळ्यांवर, केबिनच्या छपरावर, कठड्यावर, साबुदाण्याची खीर सांडून थिजावी तसे पांढुरके थर होते.

"अंडी," प्रभुदेसाई पुटपुटले. "प्रांजल, अंडी आहेत ही!"

प्रत्येक थरापाशी एक काळपट मासा होता. कासवाच्या उजेडानं एकही मासा बिचकला नाही. जागच्या जागी राहून ते शेपटीनं अंड्यांवर पाण्याचा वारा घालत होते. प्रभुदेसाईंनी कासवाचे दिवे मालवायला सांगितले. पडदा काळा झाला, आणि हळूहळू त्या काळोखात हिरवे ठिपके उजळले. दोन दोन, दोन दोन. नारळी पौर्णिमेला सजवतात तशी बोटीची कड अन् कड दिसायला लागली. कोणीतरी टाळ्या वाजवल्या. प्रभुदेसाई चष्मा काढून रडत होते आणि त्यांना त्याची लाज वाटत नव्हती.

दिवे पुन्हा लागले तेव्हा कासव बोटीच्या नाळेपाशी, पुढच्या टोकाशी पोचलं होतं. निळ्या रंगावर पांढरी अक्षरं होती. काही अंड्यांखाली झाकली गेली होती, उरलेली वाचता येत होती. 'सा', मग 'री', मग 'कृपा'.

"हे सगळे नर आहेत, बघितलंस?" प्रभुदेसाई सांगत होते. "मादी अंडी घालून निघून जाते. मग हा बसतो. पिल्लं बाहेर येईपर्यंत हा बहुतेक काही खातसुद्धा नसेल."

"सर," प्रांजल म्हणाली, "ही आमची बोट आहे."

"आमची म्हणजे?"

"सातेरी कृपा. माझ्या भावाची. नऊ वर्षांपूर्वी वादळात गेली ती."

प्रभुदेसाईंनी चष्मा डोळ्यांवर चढवला आणि नाळेवरची अक्षरं पुन्हा वाचली.

*

सर्वेशबरोबर बोटीवर आणखी चौघं होते. वादळानंतर आठवडाभर विमानं फिरली, जहाजं फिरली. जाळ्याला तरंगत ठेवणारा एक बोयासुद्धा हाती लागला नाही. बाकीच्या घरांनी वर्षाच्या आत दर्भाचे पुतळे करून दिवस केले. प्रांजलच्या आईनं, सुहासिनीबाईंनी, केले नाहीत. त्यांनी सातेरीच्या देवळात कौल लावला आणि कौल उजवा झाला. सर्वेश जिवंत आहे, कुठल्यातरी परदेशी जहाजानं त्याला उचललंय आणि तो ओमानच्या तुरुंगात आहे, असं त्यांनी मनाशी घट्ट धरलं. त्याचा मोबाईल नंबर दुसऱ्या कोणाला जाऊ नये म्हणून त्या तो दर महिन्याला रिचार्ज करायच्या. सर्वेशची बायको दीक्षा त्यांच्याजवळच राहिली. ती आंब्याच्या कॅनिंग कारखान्यात कामाला जायची आणि गळ्यातलं मंगळसूत्र तिनं काढलं नव्हतं, कारण सासूच्या घरात राहून ते काढायचं कसं, हे तिला सुचत नव्हतं.

प्रांजल घरी पोचली तेव्हा आई पडवीत बसून कोळंबी सोलत होती. हिवाळ्यापासून ती खूप वाळली होती. यकृतात गाठ होती. कोल्हापूरच्या डॉक्टरांनी नवीन गोळ्या दिल्या होत्या, पण प्रांजलला बाजूला घेऊन सांगितलं होतं की पावसाळा निघेल असं धरून चालू नका. आईनं ते ऐकलेलंच होतं. तेव्हा ती दाराआड उभी होती.

"अशी अवचित कशी इलंस गो?"

"आये, सर्वेशची बोट गावली."

आईच्या हातातली कोळंबी ताटलीत पडली. "आणि तो?"

"बोट तळाक आसा. खूप खोल."

"बोटीचा सांगू नको माका. तो खंय आसा?"

"तोय थंयच असतलो, आये."

आतून दीक्षा बाहेर आली होती. ती पायरीवर बसली. मग म्हणाली, "म्हणजे ओमानात नाय तो." आणि ती हसायला लागली. हसू तिला आवरेना. तोंडावर पदर दाबून ती हसत राहिली आणि मग ते हसू राहिलं नाही. प्रांजल तिच्याजवळ गेली, पण दीक्षानं तिला हातानं थोपवलं.

आई कोणाकडेच बघत नव्हती. "देवीन तर कौल दिल्यान," ती म्हणाली. मग बोटं पदराला पुसून, अगदी ठरवून म्हणाली, "तेका वयर हाडा. मी हयात आसंय तवर हाडा."

*

हे मागणं एकट्या सुहासिनीबाईंचं राहिलं नाही. समुद्रतळाचे असे बारीक नकाशे निघायला लागल्यापासून किनाऱ्यावर एक नवंच दुखणं सुरू झालं होतं. आधी समुद्रात गेलेला माणूस समुद्रात गेला म्हणून सोडून देता येत असे. आता तो कुठे पडला आहे ते दाखवता येत होतं, आणि दाखवता येत होतं तर आणताही आलं पाहिजे, असं लोकांना वाटू लागलं होतं. सरकारनं नियम केला होता. यंत्र पोचेल अशा जागी माणसाचे अवशेष असतील, आणि जवळच्या नातेवाइकांनी मागणी केली, तर ते वर काढावेत. मात्र तिथल्या जीवसृष्टीला धोका असेल तर तज्ज्ञानं नकार द्यावा. पाचही घरांनी मागणी केली. नातं असल्यामुळे प्रांजलला मत देता येत नव्हतं. निर्णय प्रभुदेसाईंच्या हातात आला.

निर्णय देण्याआधी ते देवगडला आले. पडवीत खुर्चीवर न बसता खाली चटईवर बसले आणि त्यांनी टॅबलेटवर सुहासिनीबाईंना ते चित्रण दाखवलं. काळोख, मग हिरवे ठिपके. सुहासिनीबाई वाकून, डोळे बारीक करून बघत होत्या. नाळेवरची अक्षरं आली तेव्हा त्यांनी पडद्यावर बोटं ठेवली.

"आम्ही गुजरातपासून केरळपर्यंतचा उतार शोधला," प्रभुदेसाई म्हणाले. "ही एवढी एकच जागा सापडली. दुसरीकडे असतीलही, पण आम्हाला ठाऊक नाहीत. बोट हलवली तर चिखल उठेल, आणि अंड्यांवर चिखल बसला की ती संपली. मी नाही म्हणत नाही. फक्त पिल्लं बाहेर येईपर्यंत थांबू या. दिवाळीपर्यंत."

"दिवाळी माका दिसतली नाय, डॉक्टर."

प्रभुदेसाईंनी चित्रण मागे नेऊन पुन्हा सुरू केलं.

"ह्यो एकलो मासो काय करता थंय?" सुहासिनीबाईंनी पडद्यावर बोट ठेवून विचारलं.

"राखण करतो. बाप आहे तो. अंड्यांवर वारा घालत राहतो."

"कोणी हाकललो तर?"

"हलणार नाही बहुतेक."

सुहासिनीबाईंनी टॅबलेट त्यांच्या हातात परत दिला. "मी तरी वेगळा काय करतंय?" त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. मग त्यांनी दीक्षाला चहा टाकायला सांगितलं आणि डॉक्टरांना साखर चालत नसेल, विचारून घे, असंही सांगितलं.

परतताना प्रभुदेसाईंनी गाडी बंदराजवळ थांबवायला लावली. दोघं उतरून धक्क्यावर उभे राहिले. जाळी वाळत टाकलेली होती. पाण्यात डिझेलचे रंग पसरले होते.

"मी नाही म्हणू शकतो," ते म्हणाले. "नियम माझ्या बाजूनं आहे. तुझ्या आईला वाईट वाटेल, पण कोणी मला दोष देणार नाही. तूसुद्धा देणार नाहीस, हे मला माहीत आहे. म्हणून तुला विचारतोय. कागदावर नाही, असंच."

प्रांजलला काय बरोबर ते माहीत होतं. तिनंच तो नकाशा केला होता. त्या उतारावर त्याच्यासारखी दुसरी जागा नाही, हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक नव्हतं. शिवाय बोट आता कुठे जाणार नव्हती. सर्वेश कुठे जाणार नव्हता. जाणार होती ती आई.

"प्रवाह असेल तर चिखल वाहून जाईल," ती म्हणाली. "बोट उचलायची नाही. फक्त केबिनमधून काढायचं. यंत्राचे हात बारीक आहेत. मी स्वतः वाट आखून देते."

"म्हणजे हो."

"हो, सर."

प्रभुदेसाईंनी मान हलवली. "बरं," ते म्हणाले, आणि गाडीकडे वळले.

*

वैशाखातल्या एका सकाळी, समुद्र तेलासारखा स्थिर असताना, यंत्र खाली गेलं. त्याला दोन लांब हात होते आणि हातांना माणसाच्या बोटांसारखी बोटं. प्रांजलनं तळाजवळच्या प्रवाहाचा अंदाज आठवडाभर आधीपासून काढून ठेवला होता. पाणी उत्तरेकडे सरकत असेल आणि उठलेला चिखल बोटीवर न बसता पलीकडे जाईल, असं गणित होतं.

सुरुवातीला सगळं गणितासारखं झालं. यंत्र अंड्यांना न लागता केबिनच्या खिडकीशी पोचलं. आत उजेड टाकला. एका कोपऱ्यात तिघं होते, एकमेकांना टेकून. वादळात केबिनमध्ये शिरले असणार आणि दार अडकलं असणार. हाडांवर रबरी कोट होते. प्रांजलनं सर्वेशचा पिवळा कोट ओळखला. तो त्यानं स्वतः आणलेला नव्हता, पहिल्या पगारातून तिनं घेऊन दिला होता.

"खिडकीतून निघणार नाहीत," यंत्र चालवणारा तंत्रज्ञ म्हणाला. "दार उघडावं लागेल."

प्रभुदेसाईंनी प्रांजलकडे पाहिलं. तिनं मान हलवली.

दार ओढलं आणि ते एकदम सुटलं. त्याच्याबरोबर केबिनची भिंतही सुटली. नऊ वर्षं चिखलात रुतून स्थिर राहिलेली बोट हळूच एका अंगावर कलली. तळातून चिखल उठला. धुरासारखा, शांतपणे, पडद्याच्या खालच्या कडेपासून वरच्या कडेपर्यंत. तो सरकायला हवा होता. सरकला नाही. त्या दिवशी तळाजवळचं पाणी थांबलेलं होतं. असं का झालं ते प्रांजलला नंतरही सांगता आलं नाही. समुद्र कधी कधी थांबतो, एवढंच.

यंत्रानं त्या गढूळ पाण्यात चाचपून तिघांना जाळीच्या पेटीत घेतलं. उरलेले दोघं सापडले नाहीत. मग यंत्र वर यायला निघालं, पण प्रांजलनं खाली ठेवलेला कासवाचा कॅमेरा बंद केला नाही. त्याचे दिवे मालवले. चिखलाच्या आड हिरवे ठिपके अंधुक दिसत होते. एकही जागा सोडून गेला नव्हता. ते हलत होते, जोरजोरात हलत होते. शेपट्यांनी वारा घालून अंड्यांवर बसणारा चिखल झटकत होते. चिखल बसतच होता.

प्रभुदेसाई उठले आणि डेकवर निघून गेले. प्रांजल बघत राहिली. एकेक ठिपका मंद होत गेला. काही पुन्हा उजळले. मग तेही दिसेनासे झाले.

*

तपासणीत तिघांतला एक सर्वेश निघाला. त्याची पेटी अगदी लहान होती. सुहासिनीबाईंनी ती मांडीवर घेतली आणि झाकणावरून हात फिरवला, तान्ह्या पोराच्या डोक्यावरून फिरवावा तसा. किनाऱ्यावर अग्नी दिला. दहाव्याला कावळा लगेच शिवला, तेव्हा बायकांनी सुटकेचा श्वास सोडला. तेराव्यानंतर सुहासिनीबाई दीक्षाला म्हणाल्या, "आता तुझा तू बघ, बाय. मी तुका लय दिवस बांधून घातलंय." दीक्षा त्यांच्या गळ्यात पडून रडली. ती महिन्याभरानं कुडाळला बहिणीकडे गेली, पण दर रविवारी येत राहिली. जे दोघं सापडले नव्हते त्यांच्या घरच्यांनाही, निदान जागा कळली, एवढं समाधान होतं. त्यातल्या एकाची आई, कुंदाकाकी, रोज संध्याकाळी पडवीत येऊन बसायला लागली.

मग पाऊस आला. प्रांजल आईजवळ राहायला आली. आता थोडेच दिवस आहेत, असं ती धरून चालली होती. पण आषाढ गेला, श्रावण गेला. आई पेज घ्यायला लागली, मग भात. गणपतीला ती स्वतः उठून मोदकांच्या पाऱ्या करायला बसली. कोल्हापूरच्या डॉक्टरांनी तपासणीचे फोटो दोनदा बघितले. नव्या गोळ्या काही मोजक्याच लोकांना लागू पडतात, त्यातल्या या, असं ते म्हणाले. गाठ निम्म्यापेक्षा कमी झाली होती.

प्रांजल दवाखान्याबाहेरच्या बाकावर बसली आणि रडली. आईला वाटलं, पोरीला आनंद झाला. आनंद झालाच होता. पण त्या आनंदाच्या तळाशी दुसरं काहीतरी होतं, आणि ते काय आहे ते स्वतःशीही म्हणायचं धाडस तिला झालं नाही.

ऑक्टोबरात समुद्र मोकळा झाला आणि जहाज पुन्हा त्या जागी गेलं. फळ्यांवर करड्या चिखलाचा थर होता. त्याखाली अंड्यांची साल तेवढी उरली होती, वाळलेल्या पापुद्र्यासारखी. मासे नव्हते. कासवांनी आजूबाजूचा उतार चार दिवस विंचरला. पाण्याच्या नमुन्यांत दिवटीच्या पेशींचा मागमूस नव्हता. चौथ्या दिवशी संध्याकाळी प्रभुदेसाईंनी यंत्रं वर घ्यायला सांगितली.

ते कठड्याला टेकून उभे होते. प्रांजल त्यांच्याजवळ गेली. माफी मागायची असं तिनं ठरवलं होतं, पण तेच आधी बोलले.

"आई कशी आहे?" त्यांनी विचारलं.

"बरी आहे, सर. खूप बरी आहे."

"छान," प्रभुदेसाई म्हणाले, आणि ते खरंच मनापासून म्हणाले. "मला उगाच काळजी होती."

दिवाळीला ती घरी गेली. आईनं तिला न्हाऊ घातलं, फराळाचं ताट पुढे केलं. कुंदाकाकी आली होती, दीक्षाही कुडाळहून आली होती. आई हात पुसून प्रांजलजवळ बसली आणि तिनं विचारलं, "काय गो, ती पोरां फुटली काय?"

"कोणाची?"

"त्या माशाची. डॉक्टर सांगत होते, दिवाळीक फुटतली म्हणान. माझ्या जिवाक तोच घोर लागललो. रोज देवीकडे गाऱ्हाणा घालतंय, माझ्यापायी तेच्या पोरांक काय होव नये म्हणान."

प्रांजलच्या हातात चकली होती. ती तिनं ताटात ठेवली.

"होय, आये," ती म्हणाली. "फुटली."

"सगळी?"

"बरीच."

"बाये माझे!" आईनं हात जोडून डोळ्यांना लावले. मग तिनं वळून कुंदाकाकीला सांगितलं, आणि कुंदाकाकीनं तोंडावर हात ठेवला. तिचा मुलगा अजून खालीच होता.

"म्हणजे माझ्या पोराच्या सोबतीक आसत ती," कुंदाकाकी म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. ती सरकून प्रांजलच्या अगदी जवळ बसली. "कशी दिसतत गो? सांग तरी."

दीक्षाही दारात येऊन उभी राहिली होती. तिघी वाट बघत होत्या.

"बारीक आसत," प्रांजल म्हणाली. "तांदळाएवढी. अंगाच्या आरपार दिसता. आणि डोळ्यांखाली..." तिनं पाण्याचा घोट घेतला. "डोळ्यांखाली एवढोसो उजेड. सगळी एकदम हलतत तेव्हा तो उजेड पण हलता."

"मगे?" कुंदाकाकीनं विचारलं.

ते कोणीच कधी पाहिलं नव्हतं आणि आता कोणी पाहणारही नव्हतं. प्रांजल सांगत राहिली.